‘ला’, ‘ने’, ‘वर’ आणि ‘पासून’ यांच्यासाठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द निवडावा?

प्रश्न : शिक्षिका, जिंतूर तालुका

सर्वांना नमस्कार. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू होत असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना शब्द पुष्कळ येतात आणि लहान वाक्ये ती न अडखळता वाचतात. त्यांची खरी अडचण स्वतःचे वाक्य लिहिताना सुरू होते, आणि तीही बहुतेक वेळा प्रिपोझिशनपाशी, म्हणजे मराठीत आपण जिथे विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय वापरतो त्या जागी.

‘मी लातूरला राहतो’, ‘मी लातूरला जातो’, ‘मी लातूरला पोहोचलो’ आणि ‘मी दिवाळीला लातूरला होतो’ या वाक्यांत मराठीला एकच ‘ला’ पुरतो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘इन’ हवे, दुसऱ्याला ‘टू’ हवे, तिसऱ्यात ‘रीच’ वापरले तर काहीच नको, आणि चौथ्यात दिवाळीसाठी ‘ॲट’ आणि लातूरसाठी ‘इन’ हवे. मुले ‘आय रीच्ड टू लातूर’ असे लिहितात. ‘पासून’ दिसले की ‘सिन्स’ लिहितात, त्यामुळे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ प्रत्येक वहीत सापडते. ‘वर’ दिसले की ‘ऑन’ लिहितात, आणि मग ‘सर इज अँग्री ऑन मी’, ‘आय बिलीव्ह ऑन हिम’ अशी वाक्ये तयार होतात.

नियमांचे तक्ते मी वर्गात लावले आहेत. ते मुलांना पाठ आहेत, गाळलेल्या जागा ती बरोबर भरतात, परंतु निबंधात पुन्हा तेच घडते. यातील कोणत्या गोष्टींमागे मुलांना सांगता येईल असे कारण आहे आणि कोणत्या गोष्टी केवळ सवयीने आत्मसात कराव्या लागतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. शिकवण्याचा क्रम काय असावा, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर फार उपयोग होईल. गावातील स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुलीही माझ्याकडे हेच प्रश्न घेऊन येतात.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, नांदेड

मॅडम, आपण चार ‘ला’ एका ओळीत मांडलेत, तेव्हाच अर्धे काम झाले, कारण अडचण नेमकी तिथेच आहे. मराठी वाक्यातील प्रत्यय उचलून त्याचा इंग्रजी जोडीदार शोधणे ही पद्धत मुलांच्या मनातून काढून टाकल्याशिवाय कोणताही तक्ता उपयोगी पडणार नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागतो, नामाचे सामान्यरूप होते, आणि उरलेला अर्थ क्रियापद सांगते. म्हणून एक ‘ला’ स्थळ, दिशा, वेळ आणि कर्म अशी सगळी कामे गोंधळ न होता करू शकतो. इंग्रजीतही एके काळी नामांना विभक्ती होत्या. त्या काळाच्या ओघात जवळजवळ सगळ्या गळून गेल्या, आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमावर आणि या छोट्या शब्दांवर येऊन पडले. म्हणूनच त्या भाषेत हे शब्द इतके आहेत आणि त्यांची निवड इतकी काटेकोर आहे.

मी स्वतः शिकवताना सगळ्या प्रिपोझिशनचे दोनच गट करीत असे. पहिल्या गटात शब्दाला स्वतःचा अर्थ असतो, म्हणजे ती वस्तू कुठे आहे किंवा ती घटना केव्हा घडली हे तो सांगतो. दुसऱ्या गटात तो आधीच्या क्रियापदाशी किंवा विशेषणाशी बांधलेला असतो. पहिल्या गटातील शब्दांची कारणे सांगता येतात आणि चित्रे काढता येतात. दुसऱ्या गटात बहुतेक ठिकाणी क्रियापदच आपल्या सोबत्यासह शिकावे लागते. गाळलेल्या जागांच्या तक्त्यांत हे दोन्ही गट एकत्र मिसळलेले असतात, आणि मुलांचा गोंधळ बराचसा तिथून येतो.

पहिल्या गटासाठी आपल्याच परिसरातील वाक्ये घ्यावीत. आपण ‘झाडावर पक्षी आहे’ आणि ‘झाडावर आंबे आहेत’ या दोन्ही ठिकाणी ‘वर’ म्हणतो. इंग्रजीत पक्षी ‘इन द ट्री’ असतो, कारण तो फांद्या आणि पाने यांच्या आत बसलेला आहे अशी कल्पना असते, आणि आंबे ‘ऑन द ट्री’ असतात, कारण ते झाडाला बाहेरून लगडलेले आहेत. ‘शेतावर’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘फील्ड’ म्हटले की बांधांनी वेढलेला जमिनीचा तुकडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून ‘इन द फील्ड’, आणि ‘फार्म’ म्हटले की घर, गोठा, विहीर यांसह सगळी शेती येते, तिच्यासाठी ‘ऑन द फार्म’ म्हणतात. आपल्याकडे माणूस ‘रानात’ जातो, तेव्हा त्याला ‘फील्ड’ हा शब्द लावावा आणि ‘इन’ वापरावे. गोदावरीच्या काठी वसलेल्या गावासाठी ‘नांदेड इज ऑन द गोदावरी’ हे शुद्ध इंग्रजी आहे. नदीच्या प्रवाहावर गाव तरंगते असा त्याचा अर्थ होत नाही, तर त्या रेषेला लागून ते आहे असा होतो. पुलासाठी मात्र ‘ओव्हर’ किंवा ‘अक्रॉस’ हवे. हे सगळे मुलांना फळ्यावर रेखाटून दाखवता येते, आणि एकदा चित्र डोळ्यांत बसले की नियम सांगावा लागत नाही.

‘ॲट’ आणि ‘इन’ यांबाबत जुन्या व्याकरणांत एक नियम आढळतो की मोठ्या शहरासाठी ‘इन’ आणि लहान गावासाठी ‘ॲट’ वापरावे. तो मी शिकवीत नसे. गाव लहान असो वा मोठे, त्याच्या आत राहणारा माणूस त्याला जागा म्हणून पाहतो आणि ‘आय लिव्ह इन पूर्णा’ असेच म्हणतो. तेच पूर्णा रेल्वेच्या प्रवासातील एक बिंदू झाले की ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट पूर्णा’ होते, आणि त्याच न्यायाने मुंबईसारखे अवाढव्य शहरही विमानाच्या मार्गावरील थांबा म्हणून ‘ॲट’ घेऊ शकते. म्हणजे बोलणारा त्या स्थळाकडे कसा पाहतो यावर निवड ठरते. गावाच्या लोकसंख्येचा तिथे संबंध येत नाही.

वेळेसाठी मी १७ सप्टेंबर हा एकच दिवस घेत असे, कारण मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. हैदराबाद संस्थान ‘इन १९४८’ भारतात आले, ‘इन सप्टेंबर’ आले, ‘ऑन १७ सप्टेंबर’ आले. आणि झेंडावंदन नऊ वाजता असेल तर ते ‘ॲट नाइन’ होते. वर्ष आणि महिना म्हणजे लांबरुंद काळ, त्याच्या आत घटना घडते; दिवस ‘ऑन’ घेतो; घड्याळातील क्षण ‘ॲट’ घेतो. ‘सकाळी’ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’ हे खरे, परंतु सकाळ विशिष्ट दिवसाची झाली की दिवसाचा नियम वरचढ ठरतो आणि ‘ऑन द मॉर्निंग ऑफ १७ सप्टेंबर’ असे लिहावे लागते. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’ आणि ‘एव्हरी’ यांच्यापूर्वी काहीही येत नाही, म्हणून ‘ऑन नेक्स्ट मंडे’ चूक आहे. ‘ॲट नाइट’ कसे आले याचे समाधानकारक कारण मला मुलांना कधी देता आले नाही, आणि ते द्यायचा आग्रह धरू नये असे माझे मत आहे.

‘पासून’साठीही हाच इतिहास उपयोगी पडतो. मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आहे तो ‘सिन्स १९६०’, कारण १९६० हा आरंभबिंदू आहे. तोच काळ लांबीने मोजला तर ‘फॉर मोअर दॅन सिक्स्टी इयर्स’ होतो. आणि १९५६ ते १९६० या काळात तो द्विभाषिक मुंबई राज्यात होता, हे सांगताना आरंभ आणि शेवट दोन्ही माहीत असल्यामुळे ‘फ्रॉम १९५६ टू १९६०’ लिहावे लागते. मुलांनी एकच प्रश्न विचारायचा की ‘पासून’च्या आधी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल अशी वेळ आहे की मोजलेली लांबी आहे. ‘पाच वर्षांपासून’ यात लांबी आहे, म्हणून तिथे ‘सिन्स’ येऊ शकत नाही. याबरोबरच क्रियापदाचे रूपही तपासावे. मराठीत ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ असा साधा वर्तमानकाळ चालतो, तर इंग्रजीत तिथे ‘हॅव्ह लिव्हड’ किंवा ‘हॅव्ह बीन लिव्हिंग’ हवे.

‘ने’ या प्रत्ययाची दोन कामे वेगळी करून दाखवली की पुरते. ‘मजुरांनी विळ्याने सोयाबीन कापले’ या वाक्यात करणारे मजूर आहेत आणि साधन विळा आहे. कर्मणी वाक्यात करणाऱ्याला ‘बाय’ आणि साधनाला ‘विथ’ लागतो: ‘द सोयाबीन वॉज हार्वेस्टेड बाय द वर्कर्स विथ सिकल्स.’ गारपिटीने पीक गेले तर गारपीट ही कुणाच्या हातातील वस्तू नाही, तीच करणारी आहे, म्हणून ‘बाय हेल’. प्रवासाचा ‘ने’ वेगळा आहे. ‘बाय बस’ बरोबर, परंतु बसला विशेषण किंवा ‘द’ जोडला की ‘ऑन द नाइन ओ’क्लॉक बस’ असे होते, आणि रिक्षा किंवा मोटार असेल तर ‘इन’ येते.

आता दुसरा गट. ‘अँग्री ऑन मी’ ही चूक मराठीच्या ‘माझ्यावर रागावले’ यातून सरळ उतरली आहे. इथे मुलांना एक ऐतिहासिक माहिती सांगितली तर ती त्यांना आवडते. जुन्या इंग्रजीत ‘विथ’ या शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. तो अर्थ ‘फाइट विथ’, ‘क्वारल विथ’, ‘कंपीट विथ’ आणि ‘अँग्री विथ’ यांत शिल्लक राहिला आहे. मराठीतील ‘शी’ देखील ‘त्याच्याशी बोललो’ आणि ‘त्याच्याशी भांडलो’ ही दोन्ही कामे करतो, त्यामुळे आपल्याला हे परके वाटू नये. मात्र ‘शी’ आणि ‘विथ’ सगळीकडे जुळतील असे समजू नये. ‘त्याच्याशी लग्न झाले’ हे ‘मॅरीड टू’ होते आणि ‘याच्याशी संबंधित’ हे ‘रिलेटेड टू’ होते. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ आणि ‘प्रायर’ हे लॅटिनमधून आलेले तुलनावाचक शब्द आहेत, आणि त्यांच्यानंतर ‘दॅन’ न येता ‘टू’ येते, तेही एक कुटुंब म्हणून एकत्र शिकवता येते. ‘प्रिफर’ त्यांच्याच शेजारी ठेवावा.

‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘डिमांड फॉर’ आणि ‘एम्फसाइझ ऑन’ या चुकांना मात्र केवळ मराठी जबाबदार नाही. यांतील प्रत्येक क्रियापदाचे एक जोडीचे नाम आहे, आणि त्या नामाला प्रिपोझिशन खरोखरच लागते. ‘अ डिस्कशन अबाउट द रोड’ बरोबर, ‘वुई डिस्कस्ड द रोड’ बरोबर. ‘अ रिक्वेस्ट फॉर वॉटर’ बरोबर, ‘वुई रिक्वेस्टेड वॉटर’ बरोबर. म्हणजे मूल नामाची सवय क्रियापदाला लावते. नाम आणि क्रियापद शेजारी शेजारी लिहून दाखवले की ही चूक इतर चुकांपेक्षा लवकर सुटते, असा माझा अनुभव आहे. ‘एंटर’, ‘रीच’, ‘अप्रोच’, ‘रिझेम्बल’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ हीही क्रियापदे थेट कर्म घेतात. अपवाद म्हणून ‘एंटर इनटू ॲन अग्रीमेंट’ लक्षात ठेवावे. खोलीत शिरताना ‘इनटू’ नको, करारात शिरताना हवे.

उत्तर : स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, लातूर

प्राध्यापक महोदयांचे विवेचन फार मोलाचे आहे. परीक्षेच्या बाजूने मला त्यात थोडी भर घालायची आहे आणि एका ठिकाणी सावधगिरीची सूचनाही करायची आहे.

राज्यसेवा किंवा संयुक्त परीक्षेच्या उमेदवारांना ज्या जोड्या सर्वाधिक फसवतात, त्या कार्यालयीन शब्दांच्या आहेत, आणि त्या पाठ्यपुस्तकातील टेबल, मांजर यांच्या वाक्यांत कधीच येत नाहीत. ‘पात्र’ या आपल्या एका शब्दासाठी ‘एलिजिबल फॉर’ आणि ‘एन्टायटल्ड टू’ असे दोन शब्द आहेत. अनुदानाच्या अटी पूर्ण करणारा शेतकरी ‘एलिजिबल फॉर द ग्रँट’ असतो आणि ज्याला ते मिळण्याचा हक्कच आहे तो ‘एन्टायटल्ड टू द ग्रँट’ असतो. ‘अप्लाय’ हे क्रियापद तर दोन सोबती घेऊन येते. अर्ज ज्यांच्याकडे करायचा त्यांच्यासाठी ‘टू’ आणि ज्या गोष्टीसाठी करायचा तिच्यासाठी ‘फॉर’: ‘ही अप्लाइड टू द तहसीलदार फॉर ॲन इन्कम सर्टिफिकेट.’ माणसाशी सहमत होणे म्हणजे ‘अग्री विथ’, प्रस्तावाला मान्यता देणे म्हणजे ‘अग्री टू’, आणि दोन्ही बाजूंचे एखाद्या मुद्द्यावर एकमत होणे म्हणजे ‘अग्री ऑन’. ‘कम्प्लाय विथ’, ‘डिप्राइव्ह्ड ऑफ’, ‘एक्झेम्प्ट फ्रॉम’ आणि ‘अकस्टम्ड टू’ हे शब्द विद्यार्थ्यांनी सोबत्यासह एकच शब्द असल्यासारखे पाठ करावेत. तिथे कारण शोधण्यात वेळ घालवू नये.

सूचना अशी की चार पर्यायांच्या प्रश्नात जुने नियम अजूनही प्रमाण मानले जाऊ शकतात. प्राध्यापक महोदय ‘ॲट’ आणि ‘इन’ यांविषयी जे म्हणतात ते भाषेच्या दृष्टीने निर्विवाद बरोबर आहे. तथापि ‘ही लिव्ह्ज रिकामी जागा अ स्मॉल व्हिलेज’ यासारख्या प्रश्नात कोणता पर्याय अपेक्षित आहे हे ओळखण्यासाठी विद्यार्थ्याला जुना नियमही ऐकून माहीत असावा. ‘बिटवीन’ आणि ‘अमंग’ यांचेही तसेच. दोघांसाठी ‘बिटवीन’ आणि त्याहून अधिकांसाठी ‘अमंग’ असे आपण सगळे शिकलो. प्रत्यक्षात गोदावरीच्या पाण्यावरून तीन-चार राज्यांत वाद असेल तर चांगला इंग्रजी लेखक ‘अ डिस्प्यूट बिटवीन द स्टेट्स’ असेच लिहितो, कारण प्रत्येक राज्य स्वतंत्र पक्ष म्हणून उभे आहे. समूहात विखुरलेल्या, वेगवेगळ्या न मोजता येणाऱ्या लोकांसाठी ‘अमंग’ येते. विद्यार्थ्याने दोन्ही जाणून घ्यावे, पर्याय निवडताना जुन्या नियमाचे भान ठेवावे, आणि वर्णनात्मक उत्तर लिहिताना चांगल्या लेखनाप्रमाणे लिहावे.

उत्तर : भाषांतरकार, छत्रपती संभाजीनगर

न्यायालयीन आणि कार्यालयीन कागदपत्रांचे मराठी आणि इंग्रजी भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असूनही एखादे वाक्य अर्थ उलटा करू शकते, अशी ठिकाणे मला नेहमी भेटतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

सर्वांत धोक्याचा शब्द ‘पर्यंत’ आहे. ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘सोमवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ या वाक्यांत तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पहिल्यात सोमवार ही अखेरची मर्यादा आहे आणि काम त्याआधी एकदाच करायचे आहे, म्हणून ‘बाय मंडे’. दुसऱ्यात एक स्थिती सोमवारपर्यंत अखंड चालू राहते, म्हणून ‘अन्टिल मंडे’. ‘सबमिट युअर ॲप्लिकेशन अन्टिल मंडे’ असे लिहिले तर सोमवारपर्यंत अर्ज देतच राहा असा विचित्र अर्थ निघतो. शिवाय ‘अन्टिल मंडे’मध्ये सोमवार धरायचा की नाही यावर वाद होऊ शकतो. निविदा किंवा नोटीस लिहिताना ‘ऑन ऑर बिफोर ३१ मार्च’ असे लिहिले जाते ते याच कारणासाठी, आणि शाळेच्या पत्रव्यवहारातही ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

‘दहा दिवसांत उत्तर द्या’ हेही तसेच वाक्य आहे. ‘इन टेन डेज’ याचा अर्थ सामान्यतः दहा दिवस संपल्यावर असा होतो, तर ‘विदिन टेन डेज’ याचा अर्थ दहा दिवस संपण्याच्या आत. नोटिशीत दुसराच शब्द हवा. ‘शिवाय’ या शब्दाचे इंग्रजीत दोन तुकडे होतात. ‘सरपंचांशिवाय सगळे हजर होते’ यात सरपंच गैरहजर आहेत, तिथे ‘एक्सेप्ट’ येते. ‘सरपंचांशिवाय आणखी दोन सदस्य हजर होते’ यात सरपंच हजर आहेत, तिथे ‘बिसाइड्स’ येते. एका शब्दाची अदलाबदल झाली तर बैठकीचे इतिवृत्त खोटे ठरते.

मॅडमच्या प्रश्नात प्रिपोझिशनचा भर आहे, परंतु शब्दांची निवडही त्याच मुळाशी जाते. आपण ‘ऐकणे’ म्हणतो. इंग्रजीत आवाज कानावर पडला तर ‘हिअर’ आणि लक्ष देऊन ऐकले तर ‘लिसन टू’. ‘सांगणे’ यासाठी ‘टेल’ वापरले तर लगेच माणूस हवा, म्हणजे ‘टोल्ड मी’, आणि ‘से’ वापरले तर माणसापूर्वी ‘टू’ हवे. पैसे उसने ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांत आपण केवळ क्रियापद बदलतो, इंग्रजीत ‘बॉरो फ्रॉम’ आणि ‘लेंड टू’ असे शब्दही वेगळे आणि त्यांचे सोबतीही वेगळे. अर्ज ‘भरणे’ म्हणजे ब्रिटिश वळणानुसार ‘फिल इन’, अमेरिकन वळणानुसार ‘फिल आउट’.

‘डिस्कस अबाउट’ संपूर्ण भारतात ऐकू येते, आफ्रिकेतील आणि आग्नेय आशियातील इंग्रजीतही ते आढळते, आणि बोलताना त्याने कोणाचा गैरसमज होत नाही. ‘प्रीपोन’ हा तर आपल्याकडे रुळलेला शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे, आणि तो अगदी उपयुक्त शब्द आहे असे मला वाटते. तथापि पत्र भारताबाहेर जाणार असेल तर ‘रिव्हर्ट’ हा शब्द ‘उत्तर पाठवणे’ या अर्थाने वापरू नये, कारण त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. आणि ‘पास्ड आउट इन २०१८’ असे लिहिले तर तिकडचा वाचक ‘शुद्ध हरपली’ असे समजेल. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे.

पुन्हा प्रश्न : शिक्षिका, जिंतूर तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. नाम आणि क्रियापद शेजारी लिहिण्याची कल्पना उद्याच वर्गात वापरते. दोन गोष्टी अजून विचारते. आमच्याकडे मुले ‘मी करायलो’, ‘मला समजायलं’, ‘मला दिसायलंय’ असे बोलतात, आणि त्यावरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग द हिल’ असे लिहितात. हे त्यांना कसे समजावून सांगावे? आणि वही तपासताना प्रत्येक चूक लाल शाईने दाखवली तर पान भरून जाते आणि मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहिते. कोणत्या चुका आधी दाखवाव्यात?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, नांदेड

मॅडम, ‘करायलो’ हे आपल्या बोलीचे सुंदर आणि नेमके रूप आहे, आणि ते इंग्रजीतील ‘आय ॲम डूइंग’ या रूपाशी इतके चांगले जुळते की चालू वर्तमानकाळ शिकवताना मी त्याचाच आधार घेत असे. ‘काय करायलास?’ या प्रश्नाचे इंग्रजी मराठवाड्यातील मुलाला चटकन सुचते. प्रश्न येतो तो केवळ मनाच्या आणि इंद्रियांच्या स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांपुरता. आपल्या बोलीत ‘समजायलं’, ‘आठवायलं’, ‘दिसायलंय’ सहज म्हणता येते. इंग्रजीत ‘अंडरस्टँड’, ‘रिमेम्बर’, ‘नो’, ‘सी’, ‘हिअर’, ‘वाँट’ आणि ‘बिलाँग’ ही क्रियापदे चालू काळात सहसा येत नाहीत. ‘आय अंडरस्टँड’, ‘आय कॅन सी द हिल’ असे म्हणतात. मुलांची बोली चूक आहे असे मात्र त्यांना कधीही वाटू देऊ नये. बोलीतील रूप फळ्यावर आदराने लिहावे आणि त्याच्यासमोर इंग्रजी रूप लिहावे.

क्रियापदाला कोणता सोबती लागतो हे पाहण्यासाठी वर्गात शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश असावा. साधा इंग्रजी-मराठी कोश ‘डिपेंड’ म्हणजे ‘अवलंबून असणे’ एवढे सांगून थांबतो. शिकणाऱ्यांचा कोश त्यापुढे ‘ऑन’ छापतो आणि एक पूर्ण वाक्य देतो. या प्रकारच्या कोशाचा पाया घालणाऱ्यांत ए. एस. हॉर्नबी यांचे नाव प्रमुख आहे. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत, आणि परभाषक विद्यार्थ्याला अर्थाइतकीच शब्दाच्या वाक्यातील रचनेची गरज असते हे त्यांनी तिथे ओळखले. त्यांचा कोश प्रथम १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो इंग्लंडमधून प्रसिद्ध केला. जपानी मुलांची अडचण आणि आपल्या मुलांची अडचण या बाबतीत फारशी वेगळी नाही. जपानी भाषेतही हे छोटे शब्द आपल्यासारखेच नामानंतर येतात.

वही तपासताना मी अर्थ बिघडवणाऱ्या चुका आधी दाखवीन, म्हणजे भाषांतरकार महोदयांनी सांगितलेले ‘बाय’ आणि ‘अन्टिल’, ‘एक्सेप्ट’ आणि ‘बिसाइड्स’, ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. त्यानंतर ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, कारण ती चूक एकदा हाताला बसली की पदवीपर्यंत सोबत येते. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रीच्ड टू’ यांवर आठवीत खूण करावी, सहावीत केवळ समासात बरोबर वाक्य लिहून द्यावे. ‘ॲट लातूर’ की ‘इन लातूर’ यावर सहावीच्या वहीत लाल शाई मुळीच वापरू नये. ती बाब वर्गात आगगाडीचा मार्ग काढून, पूर्णा आणि परभणी ही स्थानके मांडून, तोंडीच शिकवावी.

उत्तर : स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, लातूर

वरील क्रमात ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’ ही जोडी ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यानंतर लगेच घ्यावी, ही विनंती. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळेवर, आणि ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी, वेळ हातात असताना. परीक्षा अकरा वाजता सुरू झाली तर ती ‘ऑन टाइम’ सुरू झाली, आणि विद्यार्थिनी पावणेअकरा वाजता पोहोचली तर ती ‘इन टाइम’ पोहोचली. मराठीत आपण दोन्हीकडे ‘वेळेवर’ म्हणतो, म्हणून ही जोडी माझ्याकडे येणाऱ्या पदवीधरांनाही अडवते. ‘इन द एंड’ आणि ‘ॲट द एंड’ ही जोडीही तिच्याच सोबत घेता येईल: पहिलीचा अर्थ ‘अखेरीस, बरेच काही घडून गेल्यावर’, आणि दुसरी नेहमी कशाच्या तरी शेवटी असते, म्हणून तिच्यामागे ‘ऑफ द लेसन’ किंवा ‘ऑफ द रोड’ असे काहीतरी असते किंवा ते संदर्भाने कळते.